देवीचा डावा हात

२२ नोव्हेंबर १९९४, पेण

देवी आज सगळा रस्ता माझ्या मांडीवर. वडखळच्या खड्ड्यांत काळुरामनं गाडी अशी आपटली की परचुरे मॅडम पुढच्या सीटवरून वळून म्हणाल्या, "नाथा, काढा तिला पेटीतून. तुम्हीच धरा." धरली. गोधडीत गुंडाळून, तान्हं पोर धरतात तशी. पाय बधिर झाले, पण तिला काही झालं नाही. सुटलो.

गाडीत बाकी सगळं नकली. प्लॅस्टरचा हत्ती, प्लॅस्टरचा राजा, मडकी, रंगवलेली नाणी. शाळेत जायचं, टेबलं मांडायची, पोरांनी हात लावायचा, उचलून बघायचं. पडलं तर पडलं. मुंबईला म्युझियमच्या गोदामात असली ढीगभर आहेत. पण देवी खरी. काळ्या दगडाची, हातभर उंच, डावा हात कोपरापासून गेलेला. आठशे वर्षांची म्हणतात. सापडली आमच्या मंठ्याकडं, एका विहिरीच्या गाळात. हे कळलं तेव्हापासून मी तिला गाववाली धरतो. तीही पोटासाठी मुंबईला आल्यासारखी.

मोठे साहेब तिला सोडायला तयार नव्हते. मॅडम भांडल्या. म्हणाल्या, जी पोरं म्युझियमपर्यंत येत नाहीत त्यांच्या वर्गात एक तरी खरी वस्तू जाऊ दे. साहेब म्हणाले, न्या. पण तिला काही झालं तर ही फिरती गाडी बंद, आणि सगळ्यांत आधी तो पोऱ्या घरी. पोऱ्या म्हणजे मी. मी तिथंच पेटी धरून उभा होतो.

आजवर मी कामं सोडतच आलो. बोअरच्या गाडीवर होतो, सुरतेला हॉटेलात होतो, वीटभट्टीवर होतो. कंटाळा आला की रस्त्यावर यायचं आणि पहिल्या ट्रकला हात करायचा. कुणाला काढायची वेळच येऊ दिली नाही. हे पहिलं काम असं की कुणी काढेल याची धास्ती वाटते.

२३ नोव्हेंबर

हमरापूरकडच्या एका वाडीची शाळा. इथं घराघरात गणपतीचा कारखाना. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना फळ्यांवर गणपतीच गणपती, बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे. पुढच्या भादव्याची तयारी आत्तापासून.

दुसऱ्या गावांत पोरं आधी लाजतात. मॅडमना म्हणावं लागतं, घाबरू नका, लावा हात. इथं मॅडमचं वाक्य संपायच्या आत राजा उलटा झालेला. एकानं बुडाला टिचकी मारली. "पोकळ हाय." दुसरा हत्तीच्या पाठीवरून बोट फिरवतोय — "शिवण नीट घासली नाय." शकू नावाची पोरगी, दोन वेण्या, राजाकडं बघून म्हणते, "बाई, याचं नाक नंतर लावलंय. साच्यात तुटलं असंल." मॅडम वही काढून लिहायलाच लागल्या. इतिहास राहिला बाजूला, तासभर साच्यावरच बोलणं. मॅडम खूश, गुरुजी खूश, मी पण.

मग मी टेबलावर छोटं स्टूल ठेवलं आणि त्यावर देवी.  पोरं पाऊलभर मागं सरली.

"मोडलीय," शकू म्हणाली.

म्हात्रे गुरुजींनी मॅडमना समजावलं. इकडं मोडकी मूर्ती कुणी घरात ठेवत नाही. कारखान्यात बोट जरी उडालं तरी लगेच बसवतात, नाही बसलं तर खाडीत सोडतात. मोडक्या मूर्तीला तसंच उभं करून ठेवणं म्हणजे तिची विटंबना. मॅडम म्हणाल्या, म्युझियमात मोडलेलं मोडलेलंच ठेवतात, ते मोडणं हाही इतिहासच. पोरांनी माना हलवल्या. पुढं कुणी आलं नाही.

दारातून काळुराम म्हणाला, "कसला इतिहास घेऊन बसलात. या नाथ्यानं काल वडखळला मांडीवरून पाडली तिला. आता साहेब याला गावी धाडतोय." पोरं हसली. मीही म्हणालो, "व्हय, तिकीट काढून ठेवलंय." तेव्हा कुठं वर्ग मोकळा झाला.

दारात ठमाबाई उभी होती, हातात झाडू. ती शाळा झाडते आणि नंतर दिराच्या कारखान्यात मूर्तींचे जोड भरायला बसते. ती काही हसली नाही. दुपारी चहा घेऊन आली तेव्हा विचारलं, "खरंच हाकलतील रं तुला?"

"मग काय, ठेवून घेतील?"

"आय हाय तुजी?"

"आहे. गावाला."

"तिला काय सांगशील?"

मी चहा पीत राहिलो.  मला वाटलं, तीही थट्टाच पुढं चालवतेय.  ती तांदळाची भाकरी फडक्यात बांधून ठेवून गेली.

संध्याकाळी पोरांचे आईबाप बघायला येऊन गेले. उद्याही इथंच मुक्काम, म्हणून सामान वर्गातच मांडलेलं ठेवलं. देवी पण टेबलावर. गाडीत रात्री दव उतरतं, त्यापेक्षा शाळा बरी, असं मॅडम म्हणाल्या. किल्ली ठमाबाईकडं.

२४ नोव्हेंबर

देवीला हात फुटला.

सकाळी ठमाबाईकडून किल्ली आणून मीच वर्गात पहिला शिरलो. आधी कळेना काय वेगळं दिसतंय. मग दिसलं. डाव्या कोपराला करड्या शाडूचा हात. गुबगुबीत. मनगटाला वळी पडलेली. देवीची बोटं लांबसडक, ही आखूड. आणि तळहातावर मोदक! कळ्या पाडलेला, टोक काढलेला.

मॅडम आल्या आणि पोरांच्या बाकावर बसल्या. बाक छोटं, त्यांचे गुडघे वर आलेले, तरी उठल्या नाहीत. काळुरामच्या तोंडात न पेटवलेली बिडी. 

ठमाबाई आली ती थेट माझ्याजवळ. हळू आवाजात म्हणते, "जोड दिसतो का सांग आधी."

"ठमाबाई, हे तुम्ही केलंत?"

"काल, मानसं गेल्यावर. झाडता झाडता. कोनाला बोलू नको. तुजा साहेब काय हात मोजायला बसनार हाय?"

"आणि मोदक?"

"मंग डाव्या हातात काय देयाचं?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "जल्म गेला डावं हात करून. उजवा आशीर्वादाचा असला की डाव्यात मोदक."

मॅडम तशाच बसल्या होत्या. बाकावरूनच म्हणाल्या, "बाई, चिकटवलंत कशानं? सिमेंट? सरस? फेविकॉल?"

"शाडू गो बाय. शाडू आन पानी. उजवा बसवलाय तसाच डावा बसवला. रंग आज देनार हुते, काजळी घोटून ठेवलीय."

"फक्त पाणी?"

"मंग काय तूप घालू?"

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. सिमेंट नाही, सरस नाही, म्हणजे सुटायची आशा. फक्त पाणी!

ठमाबाईला वाटलं त्या रडतायत. तिनं मॅडमचा हात धरला. "पोराला हाकलू नको बाय. मोडला त मोडला, त्यानं मुद्दाम थोडाच मोडला? माजा पोरगा जनू अंकलेश्वरला कंपनीत हाय. त्याच्या हातून काय मोडलं त तिकडं कोन हाय त्याचं? म्हनून केला."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी काळुरामकडं. काळुराम स्वतःच्या चपलांकडं.

मग त्यानंच सांगितलं. थट्टा होती, मूर्ती आठशे वर्षांची, हात आधीपासूनच मोडलेला. ठमाबाई ऐकत होती. रागावली नाही. देवीकडं बघत म्हणाली, "मंग आठशे वर्सं कोनीच केला नाय?"



पेणला जाऊन मुंबईला फोन केला. मी बूथबाहेर उभा, काचेतून मॅडमचं तोंड बघत. प्रयोगशाळेतले म्हणाले, ओढू नका, धुऊ नका, सावलीत सुकू द्या, शाडू सुकताना आकसतो आणि सुटतो. सुटला पाहिजे, असं म्हणाले. सुटेल असं नाही म्हणाले. साहेबांनी सांगितलं, ठरलेल्या शाळा करा, देवी कुणाला दाखवू नका, आणि त्या पोऱ्याचा लेखी जबाब घ्या.

२५ नोव्हेंबर

हात अजून तिथंच. मोदकही.

२६ नोव्हेंबर, गागोदे बुद्रुक

डोंगराकडची शाळा. भात झोडून झालेलं, पोरांच्या केसांत पेंढ्याची काडी. इथं हत्ती जास्त चालला. मडकीही. वालाच्या शेंगा घेऊन एक म्हातारा आला आणि आमच्या मडक्यात घालून बघायला लागला, शेंगा भाजून पोपटी नीट होईल का म्हणून. मॅडमनी बघू दिलं.

देवी गाडीत. पेटीचं झाकण उघडं, वर माझा पंचा. मी दर थोड्या वेळानं पंचा उचलून बघतो. मॅडम येऊन विचारत नाहीत, नुसतं माझ्याकडं बघतात. मी मान हलवतो.

दुपारी जबाब लिहायला बसलो. सहावीनंतर एवढं मोठं काही लिहिलं नाही. 'मी नाथा' — याच्या पुढं गाडी हलेना. काळुराम शेजारी येऊन बसला.

"माझं नाव घाल," म्हणाला. "लिही, काळुराम ड्रायव्हरनं मस्करी केली म्हणून झालं."

"तुमची नोकरी कायम आहे. कशाला?"

"म्हणूनच. मला काढायला त्यांना वर्ष लागंल. तुला काढायला चहा प्यायचा वेळ पुरंल."

मी लिहिलं नाही. त्यानं माझ्या हातातून पेन घेऊन स्वतःच खाली दोन ओळी लिहिल्या आणि सही ठोकली. माझ्याहून वाईट अक्षर. मग म्हणाला, "वडखळला मात्र मी गाडी हळूच नेली होती."

२७ नोव्हेंबर

रविवार. शाळा नाही. जोडाशी केसाएवढी फट दिसते. मला दिसते. काळुराम म्हणतो, तुझ्या डोळ्यांत केस गेलाय.

२८ नोव्हेंबर, निडी

सुटला! सुटला!

शाळेमागून रेल्वे जाते. देवीला हवा लागावी म्हणून गुरुजींच्या खोलीत टेबलावर गोधडी घालून ठेवली होती. मालगाडी आली. खिडकीच्या काचा वाजायला लागल्या, टेबलही थरथरलं. मी देवीला धरायला धावलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत हात सावकाश कोपरापासून अलग झाला आणि गोधडीवर पडला. अख्खा. मोदकाचं टोकसुद्धा मोडलं नाही.

मॅडमनी भिंग लावून कोपर बघितलं. थोडी धूळ राहिलेली, बाकी काही नाही. दगड होता तसा. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मॅडमनी! मग भिंग ठेवून खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, "नाथा, चहा सांगा. साखर जास्त."

"या हाताचं काय करू?" मी विचारलं.

त्यांनी तो हात उचलून उलटा करून बघितला. म्हणाल्या, "नियमानं बघितलं तर माती आहे." आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मी तो माझ्या सदऱ्यात गुंडाळला आणि पिशवीत तळाशी ठेवला. फेकायचा म्हटलं तरी कुठं फेकणार. कुणीतरी माझी नोकरी वाचावी म्हणून केलेला हात आहे तो.

आज जेवण लागलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

३० नोव्हेंबर, रोहा

साहेबांचा निरोप. देवीला ताबडतोब मुंबईला आणा, तपासणी होईल. पोऱ्याचं काय ते तपासणीनंतर. तोवर त्यानं नकली सामान घेऊन जवळच्या वरसे गावच्या शाळेत थांबावं.

मॅडम आणि काळुराम देवीला घेऊन गेले. या वेळी तिला मांडीवर घेऊन मॅडम बसल्या. गाडी वळेपर्यंत मी रस्त्यात उभा.

१ डिसेंबर, वरसे

गुरुजींनी एक खोली उघडून दिली. हत्ती, राजा, मडकी, नाणी, आणि देवीचं रिकामं स्टूल. मॅडम नाहीत, म्हणजे माहिती सांगायला कुणी नाही. मधल्या सुट्टीत पोरं आली. मी म्हटलं, बोलायला कुणी नाही, पण हात लावायला बंदी नाही. त्यांना तेवढं पुरलं.

एकानं स्टुलाकडं बोट केलं. "हितं काय हुतं?"

"देवी."

"कुठं गेली?"

"दवाखान्यात."

"काय झालं तिला?"

"हाताला लागलंय."

पोरांना ते पटलं. एक जण म्हणाला, "आमची आजी पण पडली. आता बरी हाय."

२ डिसेंबर

बसून बसून अंग आंबलं. संध्याकाळी चालत रोह्याच्या एसटी स्टँडवर गेलो. कोण कुठं निघालंय ते बघत उभा राहिलो. पुण्याची गाडी लागली होती. मागचा नाथा असता तर चढला असता. काढून टाकायच्या आत निघून जायचं, ही आपली जुनी रीत. खिशात हात घातला तर खोलीची किल्ली हाताला लागली. उद्या शनिवार, पोरं सकाळीच येणार. कंडक्टर म्हणाला, "येतोस का?" मी म्हटलं, "नाही, कुणाला तरी सोडायला आलो होतो."

परत आलो. राजाच्या नाकावरची धूळ पुसली. शकू म्हणते ते खरं आहे, नंतर लावलंय.

५ डिसेंबर

दुपारी रस्त्यावरून हॉर्न. आमचाच. काळुराम एकटा. गाडीतून उतरायच्या आधीच ओरडला, "तोंड सरळ कर. राहिलास."

डाग नाही. ओरखडा नाही. ओलीचा काही परिणाम नाही. जबाब साहेबांनी वाचला. काळुरामच्या दोन ओळी वाचून हसले म्हणे. काळुरामला खरडपट्टी, मला सक्त ताकीद. गाडी चालू राहणार. पण देवी आता काचेबाहेर येणार नाही. कधीच नाही. मॅडम पुष्कळ बोलल्या, उपयोग नाही.

बरं वाटलं. खूप बरं वाटलं. काळुरामनं कोलाडवरून भजी आणली होती, ती दोघांनी गाडीच्या पायरीवर बसून खाल्ली. तो म्हणाला, "गावी जाणार होतास ना, तिकीट काढून?" आणि मला कोपर मारलं. मी त्याला मारलं.

फक्त स्टूल बघवत नाही. ते गाडीत आधी टाकलं.

८ डिसेंबर

मॅडमचा फोन, शाळेसमोरच्या दुकानात. डाव्या कोपराशी ताडून बघायला म्हणून त्यांनी उजवं कोपरही भिंगाखाली धरलं. उजवा हात मूळचा नाहीच! कोपराशी बारीक रेघ, आत लाखेसारखं काहीतरी भरलेलं, दगडाचा कण वेगळा. केव्हाचा ते सांगता येत नाही, पण फार जुना. विहिरीत पडायच्या आधीचा. म्हणजे आमच्याच भागातल्या कुणीतरी बसवलेला. इतकी वर्षं काचेत होती, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

'उजवा बसवलाय तसाच डावा बसवला.' ठमाबाई तेव्हाच म्हणाली होती. आमचा सगळ्यांचा जीव पाण्यात अडकलेला, ऐकलं कुणी?

साहेबांनी विचारलंय, तो शाडूचा हात टाकला का. टाकला नसेल तर आणा, त्यालाही नंबर देऊ, देवीशेजारी ठेवू. मोदकासकट.

आहे म्हटलं. माझ्या सदऱ्यात. सदरा धुवायला टाकला नाही, वाचलो.

उद्या परत निघायचं. काळुरामला सांगितलंय, पेणला वाडीवर गाडी घाल. मला ठमाबाईला सांगायचंय — केला होता, बाई. कुणीतरी केला होता.